तिसरा सीझन

गादीवाल्या पिंजाऱ्याच्या मागच्या खोलीत
भिंतींना आठ गोधड्या ठोकून
आम्ही अंतराळ उभं केलं. धुळ्यात, एप्रिलात,
पंखा बंद ठेवून.
अंतराळात वारा नसतो, पुष्कर दुसाने म्हणायचा.
माइक त्याचा होता, तेव्हा ते खरं.

कार्टून दूर देशाचं.
शनीच्या कड्याला टेकलेली एक खानावळ,
सहा डोळ्यांची, उधारीवर जेवणारी गिऱ्हाइकं,
आणि आचारी यंत्रमानव:
सगळं रांधतो, जीभ नाही.
पहिले दोन सीझन हिंदीत गेले,
तिसरा अहिराणीत करायचा ठरला.
दहा भाग. संवाद मी लिहिले,
ज्या बोलीसाठी चौथीत छडी खाल्ली होती तिच्यात.

ओठ हलतील तेवढीच अक्षरं.
आचारी माफी मागतो तेव्हा त्याचं तोंड दोनदा उघडतं,
शेवटी एकदा मिटतं.
अख्खी रात्र माफीला शब्द शोधला.
आपल्याकडे माफी मागतात कुठे?
मग लिहिलं, ‘ऱ्हाऊ दे, भो.’
मिटल्या ओठांवर तो भो असा बसला
की चित्रच आमच्यासाठी काढलंय.

आवाज सुपडू भामरेचा.
सव्वीस वर्षं एसटीच्या चौकशी खिडकीत,
शिरपूर चोपडा यावल एका दमात.
आधीची दोन गेली म्हणून आईनं सुपात घालून
शेजारणीला दिला, सव्वा रुपयात परत घेतला.
आचाऱ्याची जन्मकथा वाचून दाखवली तर म्हणाला,
‘मी सुपडामा, तो भंगारमा. जमी जाई.’

भाग चार: एक गिऱ्हाईक कालचं जेवण मागतं,
खानावळ कालच्या दिवसात जाते,
तिथं तीच खानावळ आधीच उभी,
उधारी दुप्पट.
अकरा वेळा हसलो, अकरा वेळा पुन्हा घेतलं.
पलीकडून पिंजाऱ्याचं मशीन घरघरलं
ते आतच राहिलं;
भाग तीन ते सहा, जहाजाचं इंजिन म्हणून.

भाग नऊ.
आचारी हप्त्यावर जीभ घेतो.
पहिला घास. मुळात कुठलंसं लाल फळ होतं,
मी वांग्याचं भरीत केलं.
दिव्यांचे डोळे लुकलुकतात, चार सेकंद शांतता,
मग लिहिलेलं होतं: ‘वाहवा!’
सुपडू माइकजवळ गेला, आणि हळू म्हणाला,
‘मीठ कमी शे.’

पुष्करनं थांबवलं नाही. मीही नाही.
चहाच्या वेळी कळलं,
डॉक्टरनं त्याच्या बायकोचं मीठ तोडलं होतं,
आणि गेल्या पोळ्यापर्यंत ती रोज
ताट पुढ्यात आलं की एवढंच म्हणायची.
त्यानं बशीतला चहा फुंकला, विचारलं,
‘चुकनं का माले?’

भाग दहाच्या शेवटी खानावळीचं दार वाजतं.
आचारी विचारतो, ‘कोन शे?’
आणि काळोख. पुढचं पुढच्या सीझनला.

पुढचा सीझन आला, अहिराणीत नाही.
एकोणीसशे बारा लोकांनी पाहिलं होतं,
त्यात शंभरेक वेळा मीच.
गोधड्या ज्यांच्या त्यांच्या घरी गेल्या, घामट वासासकट.
भिंतीत बत्तीस भोकं उरली.
त्यांना मी तारे म्हणणार नाही.
भोकं आहेत. पिंजारी पुट्टीचे पैसे मागतो.

परवा स्टँडवर होते.
साक्रीकडचा एक पोरगा, सात-आठ वर्षांचा,
खिडकीच्या गजांना लोंबकळून सुपडूला विचारत होता,
‘दरवाजाना मांगे कोन व्हतं?’
आई त्याला ओढत होती, गाडी लागली होती.
सुपडूनं नवापूर, फलाट चार, असं सांगितलं,
बटण बंद करायला विसरला,
किंवा विसरला नाही,
त्या लोखंडी आवाजात म्हणाला,
‘माले बी माहीत नही.
आधी जेवन करी ले, मंग सांगस.’

सगळ्या स्टँडभर ऐकू गेलं.
फलाट चारवर एका म्हाताऱ्यानं
इकडेतिकडे पाहिलं
आणि डबा उघडला.